कॅबिनेटमधला कंदील

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांची पट्टी लावली की दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. पहिली विचारतात, 'यानं कॉम्प्युटर फास्ट होतो का?' दुसरी म्हणतात, 'एक नंबर, भावा!' पहिल्यांच्या लेखी ती उधळपट्टी असते. दुसऱ्यांच्या लेखी दिवा लागला की विषय संपला. त्या दिव्याकडे नीट बघत मात्र दोघंही नाहीत. तो कुठून येतो, कशावर पडतो, त्यात काय दिसतं आणि काय दिसेनासं होतं, हे कुणी विचारतच नाही. सिनेमातल्या प्रकाशाबद्दल आपण तासभर बोलू शकतो. पण ज्याच्या शेजारी रोज सात-आठ तास बसतो, त्या डब्यातल्या प्रकाशासाठी आपल्याकडे 'भारी' आणि 'भडक' असे दोनच शब्द आहेत. चित्राची किंवा नेपथ्याची समीक्षा होते, तशी या प्रकाशाची करता येते का, हे मला बघायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॅबिनेटमध्ये दिवा असावा की नसावा, हा वाद फारसा कामाचा नाही. प्रश्न दिवा उघडा आहे की झाकलेला, हा आहे. उघडा दिवा स्वतःला दाखवतो. झाकून मऊ केलेला दिवा आजूबाजूच्या वस्तू दाखवतो. आणि हा फरक आपल्याला कुठल्याही यूट्यूबरकडून शिकायची गरज नाही. तो आपल्या घरात दिवाळीला दाराबाहेर टांगलेला असतो.

आधी ती वस्तू समजून घेऊ. बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्टीवर मीटरभर लांबीत बहुधा ६० एलईडी असतात, म्हणजे दोन दिव्यांमध्ये साधारण १७ मिलिमीटर अंतर. प्रत्येक दिवा पाच मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर रुंद. त्याच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारके दिवे. चार पिनांची, १२ व्होल्टची पट्टी असेल तर सगळे दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे होतात. तीन पिनांची, ५ व्होल्टची असेल तर प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते आणि तो शेजाऱ्यापेक्षा वेगळा रंग दाखवू शकतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, असे तीन रंग. गुणाकार केला तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा. (५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या जागी लावू नका. जळते.)

या तिघांतला निळा सगळ्यात उशिरा आला. डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला. चांगला उजेड देणारा निळा मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी झटलेल्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याशिवाय आरजीबी पूर्ण होत नाही, आणि एलईडीचा पांढरा दिवाही निळ्याच्याच आधारानं पेटतो. त्यामुळे ही रोषणाई जगातच नवी आहे, एकट्या गंगाखेडात नाही. इतक्या नव्या गोष्टीची आवड-निवड अजून पक्की झालेली नाही. म्हणूनच तिच्याबद्दल आत्ता बोलायला हवं.

गंगाखेडात या दिव्यांबद्दल जी नाराजी ऐकू येते, तिचं कारण मला समजतं. गोदावरीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. शेजारच्याच परळीत औष्णिक वीज केंद्र, तरीही माझ्या पिढीनं विजेसाठी दोनच क्रियापदं आधी शिकली: लाईट आली आणि लाईट गेली. २०१३ च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. जिथं दिवा भारनियमनाच्या वेळापत्रकावर चालला, तिथं गरजेपलीकडचा दिवा फक्त सणाला शोभतो. गणपतीत, दिवाळीत, लग्नाच्या मांडवात. वर्षभर, रोज, घरातल्या एका डब्यात लायटिंग चालू ठेवणं म्हणजे चुकीच्या महिन्यात फटाके वाजवल्यासारखं वाटतं.

विजेचा हिशोब मात्र या नाराजीच्या बाजूनं नाही. अशा मीटरभर पट्टीतले सगळे दिवे पूर्ण पांढरे पेटवले तर साधारण १८ वॅट लागतात. एकच रंग ठेवला तर त्याच्या तिसरा हिस्सा, आणि उजेड निम्मा केला तर तीनेक वॅट. रोज आठ तास चालवलं तरी महिन्याला पाऊण युनिटही होत नाही. डोक्यावरचा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. म्हणजे 'वीज वाया जाते' हे खरं कारण नव्हे. खरं कारण असं की, कामाच्या वस्तूला नटवणं आपल्याला पटत नाही.

पण हेही खरं आहे का? पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, अंगावर झूल घालतो, गळ्यात घुंगरांची माळ बांधतो. त्यानं नांगर खोल जात नाही. खंडेनवमीला विळा, कोयता, शिलाई मशीन, मोटारसायकल यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं, आणि आता त्याच रांगेत कीबोर्डही बसतो. गंगाखेड तर जनाबाईंचं जन्मगाव. दळण-कांडण करता करता रचलेल्या कवितेसाठी तिला आपण सातशे वर्षं आठवतो. तिच्यामागून मराठी बायांनी जात्यावर इतकं गायलं, की गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून ते टिपून घेतलं, तेव्हा लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवीनं पीठ बारीक पडत नाही. तरी ओवी ही दळणातली उधळपट्टी होती असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. काम करणाऱ्यानं आपल्या कामाभोवती थोडं सुख उभं करणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. 'यानं फास्ट होतो का?' हा प्रश्न त्या रितीला लावला तर अर्ध्या संस्कृतीला उत्तर देता येणार नाही.

मग दिव्यांच्या बाजूनं निकाल लागला का? नाही. पोळ्याच्या बैलाकडे पुन्हा बघा. बेगड शिंगाच्या वळणावरून जातं. झूल पाठीच्या उतारावर बसते. घुंगरू चालीबरोबर वाजतं. सजावट बैलाचाच आकार जास्त ठळक करते. ओवीसुद्धा जात्याच्या फेऱ्याच्या लयीत बसते, तिच्याबाहेर धावत नाही. चांगल्या सजावटीची ही कसोटी मी धरतो: ती वस्तूच्या अंगानं जाते का? याच कसोटीवर बहुतेक कॅबिनेटमधली रोषणाई नापास होते. काचेच्या चारी कडांना आतून चिकटवलेली पट्टी मिठाईच्या दुकानाच्या पाटीसारखी चौकट आखते. तिच्या आतली मशीन कुठली आहे याच्याशी त्या चौकटीला देणंघेणं नसतं. मशीन काढून तिथं लाडू ठेवले तरी चालेल.

उघड्या पट्टीची दुसरी अडचण ठिपक्यांची. १७ मिलिमीटरवर एकेक, असे झगझगीत ठिपके. टेम्पर्ड ग्लासमध्ये त्यांचं प्रतिबिंब पडतं, ग्राफिक्स कार्डच्या गुळगुळीत पाठीवर पडतं, कूलरच्या चकचकीत झाकणावर पडतं. तीस दिव्यांचे नव्वद होतात. डोळ्याची बाहुली त्या प्रखर ठिपक्यांच्या हिशोबानं आवळते आणि मधला मदरबोर्ड, केबल, पंख्याची पाती सगळं काळ्यात बुडतं. दाखवायला काचेचं कॅबिनेट घेतलं, आणि दिसतात फक्त दिवे.

आता आकाशकंदील आठवा. बांबूच्या कामट्या, त्यावर पतंगाचा कागद, आत एक साधा बल्ब. बल्ब तोच असतो जो नुसता टांगला तर डोळ्यात खुपतो. कागदाआड गेला की त्याची तार दिसत नाही, काच दिसत नाही. अख्खी चांदणी पेटल्यासारखी दिसते. कागदातले तंतू प्रकाशाला सरळ जाऊ देत नाहीत. प्रत्येक किरण कुठेतरी अडतो, वळतो आणि भलत्याच दिशेनं बाहेर पडतो. त्यामुळे उजेड एका बिंदूतून न येता कागदाच्या प्रत्येक इंचातून येतो. यात प्रकाशाचा काही भाग मरतो, हे खरं. तो मरतो म्हणूनच कंदिलाकडे टक लावून बघता येतं. सिलिकॉनची नळी, दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी, दुधी काच ही सगळी त्या कागदाचीच भावंडं.

कंदिलात अजून एक गोष्ट असते जी विकत मिळत नाही: अंतर. बल्ब कागदाला चिकटवला तर तिथंच एक तेजस्वी डाग दिसतो, बाकी कंदील अंधारा. म्हणून बल्ब मध्यभागी लोंबता ठेवतात. पट्टीचाही ठोकताळा हाच आहे. दोन दिव्यांमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच अंतर दिवा आणि दुधी पडद्यात हवं. ६० दिव्यांच्या पट्टीला १७ मिलिमीटर. कॅबिनेटमध्ये एवढी जागा क्वचितच सापडते. तेव्हा दोन वाटा उरतात. एक, दाट पट्टी घ्यायची. मीटरला १४४ दिवे असलेल्या पट्टीत हे अंतर सातेक मिलिमीटरवर येतं. दुसरी वाट फुकट आहे. पट्टीचं तोंड बघणाऱ्याकडे ठेवायचंच नाही. तिला आतल्या कडेला लपवून समोरच्या भिंतीकडे वळवायचं, म्हणजे भिंतीवर आपटून आलेला उजेड तेवढा दिसेल. भिंत काळी असेल तर ती बराचसा उजेड गिळते. चकचकीत असेल तर ठिपके परत दाखवते. पांढरी आणि खरबरीत असेल तर दोन दिव्यांत पन्नासांचं काम होतं. अनेक कॅबिनेट आतून काळीच असतात, आणि लोक काळ्या भिंतीवर उजेड पाडायला अजून एक पट्टी विकत आणतात. पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा त्यांना कुणी सुचवत नाही.

ही सगळी चर्चा मला एका ठिकाणी खरी वाटली. आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ तयार करणारा एक तरुण आहे. त्यानं पै-पै जमवून नवा पीसी बांधला आणि त्यात पट्टी लावली. स्टुडिओ रस्त्यालगत, कॅबिनेट गिऱ्हाइकाला दिसेल असं टेबलावर. वडील विचारत होते, "लाईटीनं फोटू चांगले निघायलेत का रं?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "गिऱ्हाईक तर थांबायलंय नं, बाबा." दोघांचंही बरोबर होतं. गावात दुकानाची पाटी असते तसा तो डबा त्याच्या धंद्याची पाटी झाला होता: इथं नवी मशीन आहे, इथं काम लवकर आणि नीट होईल.

गंमत म्हणजे मऊ प्रकाशाचं शास्त्र त्याच्या हातात रोज असतं. नवरीच्या चेहऱ्यावर तो उघडा फ्लॅश कधी मारत नाही. छत्री लावतो किंवा सॉफ्टबॉक्स. का, तर उजेडाचा उगम मोठा झाला की सावलीची कड मऊ होते, नाकाखाली काळी रेघ येत नाही, तेलकट चमक जाते. नाव वेगळं, पण सॉफ्टबॉक्स हा उलटा धरलेला आकाशकंदीलच आहे. चेहऱ्याला जे तो देतो, ते त्याच्या कॅबिनेटला मिळत नव्हतं. मी तसं बोललो, तेव्हा तो हसला आणि जुन्या अल्बमच्या पानांमध्ये असतो तो बटर पेपर काढून पट्टीसमोर धरला. ठिपके गेले. पंख्याची पाती दिसायला लागली. नंतर त्यानं कागदाऐवजी सिलिकॉनची नळी बसवली, कारण गरम पार्टांच्या शेजारी कागद नको. पण निर्णय त्या कागदानंच झाला होता.

तिथंच मला या रोषणाईची सगळ्यात गंभीर अडचण दिसली, आणि ती शोभेची नाही, कामाची आहे. फोटोचे रंग दुरुस्त करणाऱ्याचा डोळा भोवतालच्या उजेडाला सरावतो. शेजारी जांभळा उजेड असेल तर थोड्या वेळात डोळा जांभळ्याला सरावतो. मग स्क्रीनवरचा खरा पांढरा त्याला हिरवट-पिवळट वाटायला लागतो, आणि तो सगळा फोटो जांभळ्याकडे ढकलतो. आपल्या स्क्रीनचा पांढरा साधारण ६५०० केल्विनचा धरलेला असतो. भोवतालचा उजेड त्याच्या जवळपासचा आणि मंद असला तरच डोळ्याचा निवाडा भरवशाचा. नाहीतर हळदीच्या फोटोतली हळद बिघडते, नवरीचा सावळा रंग राखी होतो. त्या अल्बमची किंमत कुणीतरी कर्ज काढून दिलेली असते आणि तो पन्नास वर्षं कपाटात राहणार असतो. इथं 'भारी' आणि 'भडक' या शब्दांनी भागत नाही. काम चालू असताना कॅबिनेटमधला उजेड पांढरा, मंद आणि स्थिर असायला हवा. रंग संध्याकाळी, शटर अर्धं खाली आल्यावर.

स्थिर हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण १ कोटी ६७ लाख छटा हाताशी असताना बहुतेक कॅबिनेटमध्ये एकच दृश्य चालू असतं: इंद्रधनुष्य एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहतंय. हे कुणी निवडलेलं नसतं. कारखान्यातून निघताना चिपमध्ये तेच भरलेलं असतं आणि कुणी बदलत नाही. एवढं स्वातंत्र्य विकत घेऊन आपण सगळे एकाच रंगात, म्हणजे सगळ्या रंगांत, बसलेलो असतो. गणपतीच्या मंडळासमोरच्या पळत्या माळांशी याची तुलना करतात, पण ती बरोबर नाही. मांडवाच्या माळा रस्त्यावरून जाणाऱ्याला ओढून आणण्यासाठी पळतात. त्यांचं काम तो मांडवात शिरेपर्यंतच. कॉम्प्युटरसमोरचा माणूस आधीच आत येऊन बसलेला असतो. त्याला कुणाकडे ओढायचं? उलट डोळ्याच्या कडेला हालचाल लवकर जाणवते, आणि कॅबिनेट नेमकं तिथंच असतं, स्क्रीनच्या बाजूला. पळता उजेड दर दोन सेकंदांनी खांद्यावर टिचकी मारत राहतो.

हे इंद्रधनुष्य इतकं का टिकलं, याचं उत्तर आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये पळता रंग उठून दिसतो. मऊ, स्थिर उजेड रीलमध्ये 'काहीच होत नाहीये' असा वाटतो. शिवाय कॅमेरा आणि डोळा सारखं बघत नाहीत. एलईडी मंद करायचा म्हणजे तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा. डोळ्याला तो सलग वाटतो, फोनच्या कॅमेऱ्यात मात्र कधी कधी त्याचे आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. हे पट्टे टाळायला लोक उजेड पूर्ण वाढवतात. म्हणजे खोलीत बसणाऱ्यानं डोळे दुखवून घ्यायचे, कारण खोलीत नसलेल्या माणसाला ते नीट दिसायला हवं. ज्या पीसीची रोषणाई रीलसाठी लावली आहे, तो पीसी तुमच्या खोलीत असला तरी तुमच्यासाठी नाही. तुम्ही तिथं सेटवरचे कामगार आहात.

यावर कुणी म्हणेल, मग हवा कशाला हा सगळा उपद्व्याप? साधं पत्र्याचं कॅबिनेट घ्या, काच नको आणि दिवा नको. पुष्कळांसाठी हाच उत्तम सल्ला आहे, आणि एसएसडी की पट्टी असा प्रश्न असेल तर एसएसडीच घ्या. पण मराठवाड्यात राहणाऱ्याला मी झाकलेल्या दिव्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगू शकतो. आपल्याकडे मार्चपासून काळ्या मातीची बारीक धूळ हवेत असते आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. बंद पत्र्याच्या आत पंख्याच्या पात्यांवर, कूलरच्या पत्र्यांमध्ये धूळ बसते, हवा अडते, मशीन तापते, आणि आपल्याला कळतं तेव्हा ते बंद पडलेलं असतं. उघड्या ठिपक्यांच्या झगमगाटात ही धूळ दिसत नाही, कारण त्यात काहीच दिसत नाही. मऊ उजेड बाजूनं पात्यांवर पडला की धुळीचा थर साखरेच्या पाकासारखा स्पष्ट दिसतो. एखादी केबल पंख्याकडे सरकलेली दिसते. एक पंखा बाकीच्यांपेक्षा हळू फिरताना दिसतो.

दिव्याचं मूळ काम हेच होतं: अंधारातली वस्तू दिसावी. कॅबिनेटमधल्या रोषणाईची समीक्षा करायची तर शेवटी मी एवढंच विचारेन, की हा दिवा लावल्यावर तुमची मशीन जास्त दिसायला लागली की कमी? जास्त दिसत असेल, तर कुणी कितीही नाकं मुरडू देत, तो दिवा तिथं शोभतो. कमी दिसत असेल, तर पट्टीसमोर एक पांढरा कागद धरून बघा. दोन रुपयांचा खर्च आहे, आणि कंदील करायची सवय आपल्या हातांना आहेच.